तेरा जणांची व्हॅन

पाळक गेले त्याला आज सतरा दिवस झाले,
पण मंगळवार यायचा थांबला नाही.
पहाटे पावणेपाचला ओडेलबाई पोर्चमध्ये तयार,
डोक्याला हिरवा स्कार्फ, काखेत घोंगडी,
डायलिसिसच्या त्या खोलीत गारठा फार.
मी हॉर्न वाजवत नाही. तेही वाजवत नसत.
शेजारी रात्रपाळीचे झोपलेले असतात.
दिवे दोनदा मिचकवायचे, की झालं.

ही व्हॅन मी अकरा वर्षं दुरुस्त केली.
दोन ट्रान्समिशन, सहा बॅटऱ्या,
आणि एकदा रात्री दोन वाजता, कापसाच्या शेताकडेला,
दातात टॉर्च धरून पाण्याचा पंप.
बिल म्हटलं की रेव्हरंड ॲल्व्हेस्टर प्रूइट
दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे,
मग संध्याकाळी भेंडीच्या लोणच्याची बरणी घेऊन हजर.
मी चर्चला जात नसे. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.
"तू ब्रेक बघ, डेलरॉय. बाकीचं मी बघतो."

प्रवचन मात्र त्यांना जमत नसे. खरं ते खरं.
बायको सांगायची,
नोहाचं तारू पाण्याला लागेतो
अर्धी बाकं पेंगत असत, डीकनसुद्धा.
एका रविवारी ते मधेच थांबले,
कोंबड्यांच्या कारखान्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या
त्या माणसांकडे बघत राहिले,
म्हणाले, "झोपा."
आणि पुस्तक मिटून तिथंच बसून राहिले,
कुणाची मान कलंडली तर सावरायला.

ज्या वर्षी बर्फानं गावची जलवाहिनी फुटली
आणि नऊ दिवस नळ कोरडे,
तेव्हा चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद भरलेला होता.
पाळकांनी दार उघडलं, बादल्या मांडल्या.
डीकन हॉलिस लालबुंद : "या पाण्यानं लोक संडास धुणार?"
"पाणी पवित्र नसतं, हॉलिस," ते म्हणाले,
"पाण्यात उतरतो तो माणूस असतो.
आणि माणसाला आत्ता संडासला जायचंय."
तेव्हा मीही रांगेत होतो. दोन बादल्या.
दुसरी त्यांनी स्वतः उचलून दारापर्यंत आणली,
पायऱ्यांवर निम्मी सांडली,
परत भरायला गेले.

काल डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची वही सापडली.
मला वाटलं, कुणाकुणाकडून येणं आहे त्याची यादी.
उलटंच होतं. सगळं त्यांचं देणं.
'विधवा ट्रॉटर : एक शिडी.'
'दवाखान्यातली परिचारिका : ओरडलो होतो, जाऊन सांगायचं.'
'डेलरॉय : पंप. आणि ती रात्र.'
'ओडेल : माफी, १९९४.'
पंपापुढे खूण नव्हती. माफीपुढेही नव्हती.
आज गाडीत बाईंना विचारलं.
त्यांनी घोंगडी नीट केली, खिडकीबाहेर बघितलं :
"ते आमचं आहे. तू रस्ता बघ."

दफनाला मी नव्हतो.
शनिवार होता, आणि किडन्यांना शोक कळत नाही.
पाच जणांना घेऊन मी अडतीस मैलांवर निघालो होतो,
कालव्याच्या पुलाशी समोरून ते आले :
काळी गाडी, मागे चाळीसेक मोटारी, भर उन्हात सगळ्यांचे दिवे लावलेले.
मी व्हॅन कडेला घेतली. टोपी काढली.
मागच्या सीटवर कुणी स्तोत्र धरलं, दम लागून सोडलं.
ओडेलबाईंनी काच खाली केली
आणि हात बाहेर काढून तसाच ठेवला,
शेवटची मोटार जाईपर्यंत.

मला काही सुचेना. मी दिवे मिचकवले.
दोनदा.

मग म्हातारे थॅडियस मागून खाकरले :
"चल बाबा. उशीर झाला तर तो रागावेल."
कोण रागावेल, ते मी विचारलं नाही.
गिअर टाकला.
दुसरा अजूनही अडकतो. तो बघायला हवा.